रानातलं चूलबंद आवतन

लग्न होऊन मी या गावात आले ती वैशाखात, आणि रानाचा दिवस येतो माघात. म्हणजे मधले सगळे महिने मला त्या दिवसाच्या नुसत्या गोष्टी ऐकून काढावे लागले. विहिरीवर गेलं की तीच गोष्ट, निंदणाला गेलं की तीच. "आता काय पाह्यलं तू, रानाच्या दिवशी पाह्यजो," असं थोरल्या जाऊबाई उठता-बसता म्हणायच्या आणि पुढचं काही सांगायच्याच नाहीत. मला धीर हा प्रकार जन्मजात कमी. शेवटी एकदा मी भाकरीची परात त्यांच्यापुढे सारली आणि म्हटलं, सगळं सांगा, नाहीतर आजच्या भाकरी तुम्हीच थापा.

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

गावाच्या मावळतीला घाटाचा उतार लागतो. त्या उतारावर देशमुखांचं सागाचं रान होतं. सरकारी नव्हे, खाजगी, सातबाऱ्यावर देशमुखांचं नाव. एरवी तिथली काडी तोडायची कुणाची छाती नव्हती. पण माघातल्या एका दिवशी अख्खं गाव त्या रानात रोडगे करायला जायचं, आणि देशमुखांच्या आजोबांपासून त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. रोडगे आमच्या वऱ्हाडात सगळीकडेच होतात. कणकेच्या लहान लहान पोळ्या एकावर एक ठेवून त्यांचा गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचा, फडक्याने राख झटकून फोडायचा आणि वर तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्यात नवल काही नाही. नवल हे, की त्या दिवशी सगळं पुरुषांनी करायचं. पाणी त्यांनी आणायचं, कणीक त्यांनी मळायची, वांगी त्यांनी चिरायची, वाढायचं त्यांनी आणि शेवटी गंज, म्हणजे मोठी पातेली, तीही त्यांनीच घासायची. बायकांनी रानातला नाला ओलांडून पलीकडे जायचं. तिकडे डोह होता, वडाला झोके बांधलेले असायचे, आणि नाल्यापलीकडे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. तिकडे गेल्यावर सुनेच्या डोक्यावर पदर असला काय नि नसला काय, कुणी विचारत नव्हतं.

मी शेगावची. देवळाजवळ माझ्या वडिलांची खाणावळ होती. भाविकांच्या गाड्या कधी येतील याचा नेम नसतो, त्यामुळे आमची चूल थंड झालेली मी कधी पाहिलीच नव्हती. आईने हात धुऊन निवांत बसावं आणि वडिलांनी कणीक मळावी, हे चित्र डोळ्यांपुढे आणायला गेले तर मला हसूच आवरेना. खरं वाटत नव्हतं आणि खरं व्हावं असं फार वाटत होतं.

"अन् आत्याबाईले झोक्यावर पाह्यशीन तं वळखनार नाही तू," जाऊबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्या वाईट नव्हत्या, खाष्ट तर मुळीच नव्हत्या, पण घरात त्यांचा आवाज फक्त कामापुरता. हसताना मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. मामाजी, म्हणजे सासरे, त्यांच्याहून गप्प. दोघं समोरासमोर बसून जेवली तरी ताटवाटीचाच काय तो आवाज. अशा बाईने झोक्यावर उभं राहून झोका चढवावा, हे मला पाहायचंच होतं. त्या दिवसापासून मी माघाची वाट पाहायला लागले.

आणि दसऱ्याच्या सुमाराला देशमुखांनी रान विकलं.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. जास्तीची जमीन सरकार काढून घेणार, असं मोठे जमीनदार एकमेकांच्या कानात सांगत होते, आणि ज्याला त्याला आपलं काहीतरी खपवून मोकळं व्हायचं होतं. देशमुखांचं रान मलकापूरच्या एका लाकडाच्या शेठने घेतलं. तिथे त्याची आरा मशीन होती. दिवाळी उलटली तसे रानाभोवती खांब रोवले गेले, काटेरी तार आली, वाटेवर फाटक आलं, फाटकाशी एक राखणदार आला आणि फाटकावर एक पाटी. आम्ही बायका गोवऱ्या वेचायला तिकडे गेलो होतो. सगळ्यांत मी शिकलेली, म्हणून पाटी मला वाचायला लावली. 'खाजगी रान. विनापरवाना आत येण्यास सक्त मनाई.' मी मोठ्याने वाचली. बाकीच्यांनी निदान काही वर्षं तरी झोके घेतले होते. माझा दिवस तर मी न बघताच गेला होता. मला इतका राग आला की पाटीवर हातातली गोवरी फेकून मारली. राखणदार पाहतच राहिला.

गावातली चार वजनदार माणसं शेठला भेटली. मामाजीही गेले होते. शेठ त्या दिवशी रानात झाडांवर खुणा करायला आला होता. परत आल्यावर त्यांनी ओसरीवर बसून सांगितलं की माणूस तसा बरा आहे, पण त्याला आगीची भीती आहे. मागे कुठेतरी त्याने ठेक्याने घेतलेलं रान कुणाच्या तरी विडीने जळून गेलं होतं. माघात पानगळीने जमीन पालापाचोळ्याने भरलेली असते, त्यात तुम्ही गोवऱ्या पेटवणार, मला झेपायचं नाही, असं तो म्हणाला. मग हे चौघं नमस्कार करून परत आले.

आत्याबाई दाराच्या आडून ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, आर आपण नाल्याच्या वाळूत पेटवतो, पाल्यात नाही, हे तुम्ही त्याला सांगितलं का?

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं. मालकच बदलला, आता काय करता, असं एकजण म्हणाला आणि दुसऱ्याने मान डोलावली. आमचे हे कोपऱ्यात बसून इतक्या समाधानाने चहा पीत होते की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांना दुःख कसलं? यांची कणीक वाचली होती, वांगी वाचली होती, गंज घासणं वाचलं होतं. रात्री मी ह्यांना तसं तोंडावर म्हटलं, तर हे कूस बदलून झोपी गेले. मामाजी तर दुसऱ्या दिवसापासून तो विषय निघाला की उठून गोठ्यात जायला लागले. सगळे एका माळेचे मणी, असं मी जाऊबाईंना म्हटलं आणि त्यांनाही ते पटलं.

पौष संपत आला तेव्हा एका दुपारी आत्याबाईंनी मला हाक मारली. कुंकवाचा करंडा पुसत बसल्या होत्या.

"परवा मलकापूरले जायचं हाय. तू चाल संगं."

कशाला, म्हणून मी विचारलं. शेठची परवानगी मागायला का?

"परवानगी मांगाले नाही. आवतन द्याले."

मला आधी काही कळेना. ज्याचं रान, त्यालाच त्याच्या रानात जेवायचं आवतन? आत्याबाई म्हणाल्या, हाव, आणि साधं नाही, चूलबंद. आमच्याकडे आवतनाचे प्रकार असतात. घरटी एका माणसाचं असतं, पाहुण्यांसकट असतं, आणि सगळ्यांत मोठं ते चूलबंद. त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. त्या चुलीवर जेवणारं झाडून सगळं माणूस यजमानाकडे जेवायला. कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून दिलेलं असं आवतन परत करणं म्हणजे वैर घेणं. हा बेत ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मलाच का नेता, जाऊबाईंना का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुह्याच्यानं गप बसवत नाही, तं तिथी कामी येशीन."

घरात कुणाला सांगितलं नाही. शेगावला माझ्या माहेरी निरोप द्यायचा आहे, तो मलकापूरच्या ओळखीच्या माणसाकडून देऊ, असं काहीतरी सांगून आम्ही बुलढाण्याला येऊन एस.टी. धरली. राजूरचा घाट उतरताना मी खिडकीशी होते. खाली सगळा मलकापूरचा सपाट मुलूख पसरलेला, थंड वारा तोंडावर येत होता आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. आत्याबाई मांडीवर करंड्याचं फडकं घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांची ही पहिलीच एस.टी., हे त्यांनी मला उतरल्यावर सांगितलं.

शेठचं घर आरा मशीनच्या मागेच होतं. करवतीचा आवाज घरात बसूनही ऐकू येत होता, आणि दारातल्या तुळशीवरसुद्धा लाकडाचा भुसा. शेठाणी चुलीपुढे होती. चांगली भरल्या अंगाची, गोरी बाई, कपाळावर घाम. एवढी लांब चूल मी आमच्या खाणावळीत पाहिली होती, घरात नाही. अंगणात घासलेली ताटं उपडी घातली होती, त्यांची चळत कंबरेएवढी.

आत्याबाईंनी फाटकाचं नाव काढलं नाही की पाटीचं नाही. कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाल्या, "माघातल्या पुनवेले तुमच्या चुलीले आमचं आवतन हाय. चूलबंद."

शेठाणीला मराठी चांगलं येत होतं, पण चूलबंद काय ते तिला माहीत नव्हतं. इथे माझी गरज होती. मी तिला सांगितलं की त्या दिवशी तुम्ही चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. तिने पुन्हा विचारलं, सकाळची पण नाही? मी म्हटलं, सकाळची पण नाही. मग तिने विचारलं की इतक्या माणसांचा स्वयंपाक तुम्ही दोघीजणी करणार का. मी म्हटलं, आम्ही कशाला करू, त्या दिवशी पुरुष करतात. आपण झोके घ्यायचे.

शेठाणीने हातातला झारा खाली ठेवला आणि पाटावर बसली. तिची चूल लग्न झाल्यापासून थंड झाली नव्हती, हे तिने आम्हाला त्यानंतर सांगितलं. मग तिने विचारलं, कुठे यायचं?

"तुमच्या रानात," आत्याबाई म्हणाल्या.

ती हसायलाच लागली. आमच्याच रानात आम्हाला जेवायला बोलावता, असं म्हणून तोंडाला पदर लावून हसत राहिली. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "रान तुमचं हाय. जेवन आमचं हाय."

एवढ्यात शेठ आत आला. प्रकार काय ते कळल्यावर त्याने आगीचा विषय काढलाच. आत्याबाईंनी त्याला नाल्याची वाळू कशी आहे, आर कुठे पेटतो, जेवणं झाल्यावर त्यावर पाणी कसं ओततात, ते सगळं सांगितलं. त्याने पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर शेठाणी म्हणाली, मी कुंकू लावून घेतलंय, आता परत कसं करणार? शेठ तिच्याकडे एकदा नि आमच्याकडे एकदा बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे मावशी. यंदा आम्ही येतो. पण फाटक दरसाल उघडायचं की नाही, ते मी तिथे बघून ठरवीन."

म्हणजे अर्धं काम झालं होतं आणि अर्धं त्या एका दिवसावर आलं होतं. परतीच्या एस.टी.त मी आत्याबाईंना त्या ताटांच्या चळतीबद्दल बोलले. घरात माणसं चार आणि ताटं इतकी कशाला? आत्याबाई म्हणाल्या, शेठ लोकायचे भांडेबी शेठावानीच असतात. मलाही ते पटलं.

घरी आल्यावर बातमी फुटली. बायकांनी मला विहिरीवर घेरून तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली, आणि मी दर वेळी तिला थोडं तिखटमीठ लावलं. पुरुषांची तोंडं पाहण्यासारखी होती. मालक स्वतः जेवायला येणार म्हटल्यावर आता माघार नाही. आमच्या ह्यांनी दळणाचं पोतं उचलताना असा काही सुस्कारा टाकला की मला त्यांची कीवच यावी. आली नाही.

पुनवेला पहाटेच गाव निघालं. बैलगाड्यांत गोवऱ्या, गंज, कणकेची पोती, वांग्यांच्या पाट्या. राखणदाराने फाटक सताड उघडलं होतं. मला पाहिलं तसा तो माझ्या हाताकडे बघायला लागला, की आजही गोवरी आणली की काय. सागाची पानं गळून गेली होती आणि उघड्या खोडांमधून सकाळचं ऊन थेट जमिनीपर्यंत येत होतं. पळस नुकते कुठे लाल व्हायला लागले होते. पुरुष वाळूत उतरले, आम्ही दगडांवरून नाला ओलांडला, आणि पलीकडे पाऊल पडताच माझ्या पुढच्या सगळ्या बायकांच्या डोक्यांवरचे पदर एकामागून एक खाली आले. मीही सोडला. मानेला ऊन लागलं. एवढ्याशा गोष्टीचा केवढा आनंद झाला होता मला.

तेवढ्यात फाटकाकडून ट्रकचा आवाज आला. एक ट्रक, आणि त्याच्या मागे दुसरा. पहिल्या ट्रकमध्ये पुढे शेठ आणि शेठाणी. मागे, दोन्ही ट्रकांच्या फळ्यांना धरून, आरा मशीनवरची सगळी माणसं उभी. करवत चालवणारे, ओंडके उचलणारे, ड्रायव्हर, हमाल. शेठाणी नाल्याशी आली ती आनंदाने फुललेली. म्हणाली, तुम्ही सांगितलं तसंच केलं. चूल बंद. आमच्या चुलीवर जेवणारे सगळे आणले.

ती ताटं घरच्या माणसांची नव्हती तर. मशीनवरचे सगळे लोक परगावचे, आणि दोन्ही वेळा तिच्याच चुलीवर जेवणारे. आवतन तिने शब्दाला शब्द पाळलं होतं, आणि आत्याबाईंनी ते, माणसं किती हे न विचारता, देऊन टाकलं होतं. अख्ख्या गावापुढे अन्न कमी पडणार, तेही मालकासमोर, आणि ज्या दिवसावर सगळं ठरायचं त्याच दिवशी. आत्याबाईंचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्यांनी नाल्याच्या काठावर जाऊन पलीकडे आवाज दिला. "अहो, कनीक आनखी लागीन."

पुढे वाळूत जे झालं त्याला मी तरी तोड पाहिली नाही. बैलगाड्या गावाकडे पळाल्या, ज्या घरी जेवढं पीठ होतं तेवढं घेऊन आल्या. कुणी गव्हाचं आणलं, कुणी ज्वारीचं, कुणी बेसन. वांगी संपली म्हणून भाजीत बटाटे आले, वरणात पाणी आलं. शेठ झाडाखाली घोंगडीवर बसला होता. मामाजींनी एक परात उचलून त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की इथे आज पुरुषाने बसून राहायचं नसतं, तसा इथला रिवाज आहे. शेठने आधी ते थट्टेवारी नेलं. मग इकडे-तिकडे पाहिलं, तर त्याचे स्वतःचे हमाल बाह्या सरसावून कणीक मळायला बसलेले. त्याने सोन्याची अंगठी काढून खिशात घातली.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते. गाव एकत्र रानात जायचं खरं, पण आर वेगवेगळे पेटायचे. बौद्ध वस्तीचा आर नाल्याच्या खालच्या वळणाला, आमचे वरच्या. त्याबद्दल कुणी बोलत नसे, आपलं ते तसंच चालत आलेलं. त्या वर्षी वस्तीतल्या लोकांनी घरी जाऊन पीठ आणलं आणि मशीनवरची माणसं कोण कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं. आर कमी पडले तसे ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसला, आणि कुणाचा गोळा कुणाच्या आरात गेला, याचा पत्ता कुणालाच राहिला नाही. पुढे दुसऱ्या वर्षी काहींनी पुन्हा वेगळं करून पाहिलं, पण ते नीट जमलं नाही.

आम्हा बायकांना हे सगळं पलीकडून झाडांतून दिसत होतं तेवढंच. आम्ही झोक्यांवर होतो. शेठाणी आधी भ्याली, मग तिला जाऊबाईंनी मागून एकच जोराचा रेटा दिला, आणि नंतर ती खाली उतरायलाच तयार होईना. मी डोहात पाय सोडून बसले, मग पाय घसरून अख्खीच आत गेले. हे सगळं होत होतं तरी माझं लक्ष आत्याबाईंकडे होतं. त्या बराच वेळ वडाला टेकून उभ्या होत्या. कणीक कमी पडल्याचं मनाला लागलं होतं त्यांच्या. शेवटी शेठाणीनेच त्यांचा हात धरून ओढलं. त्यांनी पदर कमरेला खोचला, फळीवर उभ्या राहिल्या आणि गुडघे वाकवून झोका असा चढवला की वडाची फांदी करकरली. आणि हसल्या. मोठ्याने, तोंड उघडून, एखाद्या पोट्टीसारख्या. मी ओल्या लुगड्यात कुडकुडत उभी होते आणि मला रडूच यायला लागलं, इतकं ते सुंदर होतं.

दुपार कलली तरी जेवणाचा पत्ता नव्हता. आत्याबाईंनी मला नाल्याशी पिटाळलं, विचार म्हणे किती वेळ हाये. मी काठावरच्या करवंदीच्या जाळीपर्यंत आले तर समोरच वाळूत मामाजी आणि शेठ एका आरापाशी बसलेले. शेठचे हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले. तो काहीतरी विचारत होता म्हणून मी थांबले. तो म्हणत होता की त्या दिवशी तुम्ही चौघं मला भेटायला आलात, एका शब्दात परत गेलात. मला वाटलं, गावाला याचं फारसं काही नाही. मग दरसाल मी ही जोखीम का घेऊ? जेवणच असेल तर गावात मांडव घालतो, माझ्याकडून गावजेवण देतो. रान कशाला पाहिजे?

मामाजी बराच वेळ काठीने रोडगे फिरवत राहिले. मला वाटलं, आता हे म्हणणार, बरोबर आहे शेठ. मी जाळीआडून पुढे होणारच होते.

"त्या दिवशी चार मानसात बोलता आलं नाही," मामाजी म्हणाले. "आमची ते वर्षभर हसत नाही. काम करते, जेवते, झोपते. या एका दिवशी तिकून तिचं हसू आयकू येते. म्या कनीक त्याच्यासाठी मळतो. गावात मांडव घातला तं ते आयकू नाही येनार."

तेवढ्यात वडाकडून हसण्याचा मोठा गलका आला. त्यात एक आवाज आत्याबाईंचा होता. दुसरा कुणाचा, ते मामाजींना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. शेठला कळलं. त्याने मान वर केली आणि कणकेचे हात तसेच धरून ऐकत राहिला. आवाज थांबला तरी त्याची मान वरच होती.

मग तो म्हणाला की ह्या दिवशी फाटकाला कुलूप नसेल, दरसाल नसेल. फक्त आवतन यायला पाहिजे, आणि ते द्यायला ह्याच बायका यायला पाहिजेत.

मी मागे वळले आणि धावत सुटले. नाला कसा ओलांडला मला आठवत नाही. आत्याबाई झोक्यावरून उतरून दम खात बसल्या होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, फाटकाचं आधी, मग मामाजींचं, त्यांच्याच शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं. केस नीट केले. पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खाली सोडला.

पानं मांडली गेली. पुरुष नाल्यापर्यंत रोडगे आणून देत होते आणि आम्ही पोरीबाळी ते पुढे नेत होतो. आत्याबाईंनी पहिला रोडगा फोडला, त्यावर तूप घातलं, एक घास खाल्ला. मग डोळ्यांना पदर लावून मला म्हणाल्या, धूर किती झाला आहे. आरांना पाणी मारून झालं होतं, धूर कुठेच नव्हता.

"जाय, सांग त्यायले," त्या म्हणाल्या. "आवंदाचे रोडगे आतून कच्चे राह्यले म्हना."

मी मामाजींना सांगायला निघाले. मागे वळून पाहिलं तर त्या दुसरा रोडगा फोडत होत्या.